दात हलतो, कारण हाड जिवंत असते

शहरातील शाळेच्या आठवी-नववीच्या वर्गावर नजर टाकली, तर हसताना दातांवरची तार चमकणारी दोन-चार मुले आज सहज दिसतात. पालकसभेत शिक्षकांना त्यासंबंधी प्रश्नही विचारले जातात. इतकी वर्षे तार का लावावी लागते? चांगले, न किडलेले दात काढून टाकायला का सांगतात? लहान वयातच उपचार सुरू केले तर बरे नाही का? आणि तार काढल्यावर दात पुन्हा वाकडे होतात म्हणे, ते खरे काय?

हे प्रश्न वाटतात तितके साधे नाहीत. दंतव्यंगोपचार, म्हणजे ज्याला आपण इंग्रजीवरून ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतो, त्या शाखेतील जाणकार याच प्रश्नांवर शंभराहून अधिक वर्षे एकमेकांशी भांडत आले आहेत. तारा सुधारल्या, मिश्रधातू बदलले, संगणक आला, ही या शाखेची एक कथा झाली. दुसरी कथा अधिक महत्त्वाची आहे. आपण केलेल्या उपचाराचे पुढे काय झाले, हे पाहायला ही शाखा कशी शिकली, याची ती कथा. या लेखात आपण दोन्ही कथा बरोबरच पाहू.

बोटापासून पट्टीपर्यंत

वाकडा दात दाबून सरळ करता येतो, ही समजूत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने एक सल्ला लिहून ठेवला आहे. दुधाचा दात पडण्याआधीच कायमचा दात उगवू लागला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबत जागेवर आणावा. उपाय साधा असला, तरी त्यातील 'रोज' हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकदाच जोर लावून हे काम होत नाही, हे त्या काळीही अनुभवाने कळले होते.

फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सोन्याची किंवा चांदीची, भोके पाडलेली एक पट्टी वर्णन केली आहे. ही पट्टी दातांच्या कमानीलगत बसवायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिला बांधायचे. आजच्या तारेची ही पणजी म्हणता येईल.

परंतु दात हलतो म्हणजे नेमके काय होते? दात हाडात घट्ट रोवलेला असतो. भिंतीत ठोकलेला खिळा दाबून बाजूला सरकत नाही; मग दात कसा सरकतो? याचे पहिले मार्मिक उत्तर इंग्लंडचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी दिले. त्यांनी दातांविषयीचे दोन ग्रंथ १७७१ आणि १७७८ साली लिहिले. यांत्रिक दाब आला की त्याच्या वाटेतून बाजूला होण्याची शक्ती शरीराच्या अनेक भागांत, विशेषतः हाडांत असते आणि तिचा उपयोग करून वाकडे दात सरळ करता येतात, असे त्यांनी मांडले. थोडक्यात, दात हाडाला ढकलत नाही, हाडच त्याला वाट करून देते. हंटर यांच्याजवळ सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा नव्हता. तो मिळायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

अँगल यांची शिस्त आणि श्रद्धा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाकड्या दातांवरचा इलाज म्हणजे ज्याच्या त्याच्या हातचे कसब होते. त्याला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेच्या एडवर्ड अँगल (१८५५-१९३०) यांनी. त्यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेले वर्गीकरण आजही जगभरच्या दंतमहाविद्यालयांत शिकवले जाते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ हा त्यांचा मानदंड होता. वरची आणि खालची पहिली दाढ एकमेकींवर जशी बसायला हवी तशी बसते, पण पुढचे दात वेडेवाकडे आहेत, हा पहिला वर्ग. खालची दाढ मागे पडलेली, हा दुसरा. यात बहुधा वरचे दात पुढे आलेले दिसतात. खालची दाढ पुढे गेलेली, हा तिसरा. यात हनुवटी पुढे दिसते. असंख्य प्रकारच्या वाकडेपणाला तीन नावे मिळाली आणि एका गावच्या दंतवैद्याचे म्हणणे दुसऱ्या गावच्या दंतवैद्याला कळू लागले. १९०० साली अँगल यांनी सेंट लुईस येथे या विषयाची स्वतंत्र शाळा काढली.

शिस्तीबरोबर अँगल यांनी एक श्रद्धाही दिली. निसर्गाने बत्तीस दात दिले आहेत, तेव्हा बत्तीसही दात राखूनच मुखाची खरी रचना साधते, असे त्यांचे मत होते. या मताला त्या काळच्या विज्ञानाचा आधारही होता. जर्मन शल्यवैद्य युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली असे मांडले होते की, हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना बदलते. यावरून अँगल यांनी निष्कर्ष काढला की, दात एकदा योग्य कमानीत आणले आणि ते नीट चावू लागले, की त्यांच्याभोवती पुरेसे हाड आपोआप तयार होईल. दात काढण्याची गरजच उरणार नाही.

कॅल्विन केस यांना हे मान्य नव्हते. काही चेहऱ्यांत सगळे दात मावतात, पण ते पुढे ढकलले जातात आणि पुढे टिकत नाहीत, म्हणून निवडक रुग्णांत दात काढणेच योग्य, असे ते म्हणत. १९११ साली त्यांचा आणि अँगल यांचे माजी विद्यार्थी मार्टिन ड्यूई यांचा यावर मोठा वाद झाला. त्या पिढीपुरता विजय अँगल यांच्या बाजूचा झाला. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या वादात युक्तिवाद पुष्कळ होते, पण उपचार संपल्यावर दहा वर्षांनी रुग्णांचे दात कसे होते, याची मोजमापे कोणाहीजवळ नव्हती.

हाडात काय घडते?

हंटर यांच्या कल्पनेला पुरावा मिळाला तो स्वीडनमध्ये. कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांच्या पुढच्या दातांवर तारेने तीन आठवडे दाब दिला आणि नंतर त्या जबड्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हे काम १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांना जे दिसले ते समजण्यासाठी दाताची बैठक माहीत हवी. दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा, तंतूंचा आणि रक्तवाहिन्यांचा एक पडदा असतो. त्याला आपण येथे तंतुपट म्हणू. दात एका बाजूला दाबला की त्या बाजूचा तंतुपट चेपतो आणि विरुद्ध बाजूचा ताणला जातो. सँडस्टेट यांना चेपलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी हाड विरघळवताना दिसल्या, तर ताणलेल्या बाजूला हाड बनवणाऱ्या पेशींनी नवे हाड रचलेले दिसले. म्हणजे दात सरकतो तेव्हा त्याची खोबणच सरकते. पुढची भिंत पाडली जाते आणि मागे नवी बांधली जाते.

त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे होते. दाब फार जास्त झाला, तर चेपलेल्या तंतुपटातील रक्तपुरवठाच बंद पडतो. तेथील पेशी मरतात आणि तो भाग काचेसारखा, निर्जीव दिसू लागतो. जिथे जिवंत पेशी नाहीत तिथे हाड विरघळवणार कोण? मग शरीराला मागच्या, शाबूत असलेल्या बाजूने हाड पोखरत यावे लागते. तोवर दात जागचा हलत नाही. दुखतो मात्र जास्त. शिवाय अशा वेळी दाताच्या मुळाचे टोकही झिजण्याचा धोका वाढतो.

म्हणजे जोर वाढवला तर काम लवकर होते, हा आपला रोजचा अनुभव येथे लागू पडत नाही. ए. मार्टिन श्वार्झ यांनी १९३२ साली या गोष्टीला आकडा दिला. त्यांच्या मते तंतुपटावरचा दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून जास्त नसावा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅम. हा आकडा प्रत्यक्ष तोंडात मोजणे अवघड आहे आणि पुढे त्यावर पुष्कळ चर्चाही झाली. पण दिशा बरोबर होती. आज एक दात कलता करून सरकवण्यासाठी साधारण ३५ ते ६० ग्रॅम बल पुरेसे मानले जाते. हे वजन एखाद्या लिंबाएवढे आहे. पेशींना हा दाब कसा कळतो, याचा उलगडा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून होऊ लागला. चेपलेल्या तंतुपटातील पेशी काही विशिष्ट प्रथिने तयार करतात आणि त्या संदेशामुळे हाड खाणाऱ्या पेशी घडतात व कामाला लागतात.

इतके सगळे होऊनही दात सरकण्याचा वेग महिन्याला सुमारे एक मिलिमीटर एवढाच राहतो. 'इतकी वर्षे का?' या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. वेळ तारेला लागत नाही. जुने हाड उतरवून नवे बांधायला लागतो.

वाळूतील पेन्सिल

एक छोटा प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. पेल्यात ओली वाळू घट्ट भरा आणि पेन्सिलीचा दोन-तृतीयांश भाग तिच्यात रोवा. आता पेन्सिलीचे वरचे टोक बोटाने हळूच ढकला. वरचे टोक पुढे जाते, पण वाळूतले खालचे टोक उलट मागे सरकते. पेन्सिल सरकत नाही, कलते. दाताचेही तसेच होते. बल लावायला आपल्याला फक्त हिरडीबाहेरचा भाग मिळतो. विरोध मात्र हाडातल्या मुळाला होतो. पेन्सिल उभीच्या उभी सरकवायची असेल, तर ढकलताना वरचे टोक चिमटीत धरून मागच्या बाजूला पीळही द्यावा लागतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत, बलाच्या जोडीला बलयुग्म लागते.

अँगल यांचे शेवटचे आणि सर्वांत टिकाऊ उपकरण याच तत्त्वावर उभे आहे. १९२८ साली त्यांनी प्रत्येक दातावर बसणारी एक बारीक धातूची खाचपट्टी वर्णन केली. आज आपण तिला ब्रॅकेट म्हणतो. तिच्यातील खाच चौकोनी, सुमारे ०.५६ मिलिमीटर रुंदीची होती आणि तीत बसणारी तारही चौकोनी. गोल तार गोल भोकात नुसती फिरते. चौकोनी तार चौकोनी खाचेत फिरू पाहते तेव्हा ती दाताला पीळ देते. त्यामुळे दाताचे मूळही हवे तिकडे नेता येऊ लागले.

पुढे १९७२ साली लॉरेन्स अँड्र्यूज यांनी कधीही उपचार न झालेल्या, पण उत्तम दात असलेल्या १२० व्यक्तींच्या दातांचे ठसे अभ्यासले आणि चांगल्या दंतरचनेची सहा लक्षणे सांगितली. प्रत्येक दाताला लागणारा कल त्यांनी ब्रॅकेटमध्येच घडवून ठेवला. तोवर वैद्याला प्रत्येक दातासाठी तार हाताने वाकवावी लागे. त्यातले बरेचसे काम आता ब्रॅकेट करू लागले.

आपल्याच रुग्णांकडे पुन्हा पाहणे

आता दात काढण्याच्या वादाकडे परत येऊ. अमेरिकेतील ॲरिझोनात चार्ल्स ट्वीड नावाचे एक तरुण वैद्य काम करत होते. ते अँगल यांचे निष्ठावंत शिष्य होते आणि नवी चौकोनी खाचेची पद्धत त्यांनी मनापासून आत्मसात केली होती. काही वर्षांनी त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले आणि ते निराश झाले. सगळे दात राखून केलेल्या उपचारांपैकी बऱ्याच रुग्णांचे दात पुन्हा गर्दी करू लागले होते आणि ओठांखालून पुढे आलेले दिसत होते.

ट्वीड यांनी जे केले ते विज्ञानाच्या इतिहासात नोंदवून ठेवावे असे आहे. त्यांनी या रुग्णांवर पुन्हा उपचार केले, तेही मोबदला न घेता. या वेळी चारही बाजूंची पहिली उपदाढ काढून जागा केली. १९४० साली त्यांनी अशा १०० रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडल्या. गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा हा शिष्य अनेकांना रुचला नाही. अँगल यांच्या पत्नीनेही त्यांना विरोध केला. पण या वेळी वाद नुसत्या शब्दांचा नव्हता. समोर शंभर रुग्णांचे ठसे होते.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे अँगल यांचे आणखी एक शिष्य, रेमंड बेग, वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचले. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या जुन्या कवट्यांचा त्यांनी अभ्यास केला. भरड, कणयुक्त अन्नामुळे त्या लोकांचे दात वरून आणि एकमेकांना लागून असलेल्या कडांनीही खूप झिजलेले होते. झिजेमुळे दातांची एकूण रुंदी कमी होते आणि ते कमानीत मावतात. मऊ अन्न खाणाऱ्या आधुनिक माणसात ही झीज होत नाही, तेव्हा तिची भरपाई म्हणून उपदाढा काढणे गैर नाही, असे बेग यांनी १९५४ साली मांडले. गर्दीची कारणे आज याहून गुंतागुंतीची मानली जातात. मात्र बेग यांच्या बारीक, हलक्या तारांच्या पद्धतीचा प्रसार दूरवर झाला. भारतातील दंतमहाविद्यालयांतही ती अनेक वर्षे शिकवली गेली.

पुराव्याने सुरू झालेली गोष्टही अतिरेकाला जाऊ शकते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दवाखान्यातील नोंदी याबाबत बोलक्या आहेत. तेथे दात काढून उपचार केलेल्या रुग्णांचे प्रमाण १९५३ मध्ये ३० टक्के होते. १९६८ मध्ये ते ७६ टक्क्यांवर गेले आणि १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्क्यांवर आले. या चाळीस वर्षांत मुलांचे जबडे काही मोठे-लहान झाले नाहीत. बदलले ते वैद्यांचे मत. आज प्रत्येक रुग्णाचे दातांचे माप, क्ष-किरण चित्र आणि चेहऱ्याची ठेवण पाहून निर्णय घेतला जातो. चांगले दात काढायला सांगितले, की वैद्याने असे का, हे मोजमापे दाखवून समजावून द्यावे, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

सोन्यापासून निकेल-टायटॅनियमपर्यंत

हलके आणि सतत बल हवे, हे कळले; पण ते देणारी तार कोठून आणायची? अँगल यांच्या काळी तार सोन्याच्या मिश्रधातूची असे. १९३० नंतरच्या काळात तिची जागा हळूहळू स्टेनलेस स्टीलने घेतली. ते स्वस्त होते आणि अधिक मजबूतही.

तारेच्या बाबतीत एक साधे गणित आहे. गोल तारेचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास निम्मा केला तर ताठरपणा सोळावा हिस्सा उरतो. म्हणून हलके बल हवे तर तार बारीक घ्यावी; पण साधी बारीक तार वाकवली की वाकलेलीच राहते. बेग यांनी धातुतज्ज्ञ आर्थर विलकॉक यांच्या मदतीने सुमारे ०.४ मिलिमीटरची, बारीक तरीही फार चिवट अशी स्टीलची तार तयार करवून घेतली, ती यासाठीच.

पुढची उडी अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आली. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांना निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू मिळाला. वाकवल्यानंतर तापवला की तो आपला मूळ आकार परत घेत असे. आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रीसन यांनी १९७१ पासून तो दातांसाठी वापरून पाहिला. त्याचा ताठरपणा तेवढ्याच जाडीच्या स्टीलच्या सुमारे एक-चतुर्थांश होता. १९८५-८६ मध्ये चीन आणि जपानमधून त्याचे अधिक गुणी प्रकार आले. त्यांत वाकवताना धातूची स्फटिकरचनाच बदलते आणि तार सुटत जाताना ती पूर्ववत होते. त्यामुळे दात सरळ होत आला तरी बल फारसे कमी होत नाही. दाताला आठवड्यानुआठवडे एकसारखे, हलके ढकलणारी तार अखेर मिळाली.

दरम्यान आणखी एक शांत क्रांती झाली. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवून त्यावर ब्रॅकेट जोडत. मायकेल बुओनोकोरे यांनी १९५५ साली दाखवले की, दाताच्या वरच्या कठीण थरावर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावले तर तो सूक्ष्म खडबडीत होतो आणि प्लास्टिकसारखे द्रव्य त्याला घट्ट धरते. १९६५ साली जॉर्ज न्यूमन यांनी या पद्धतीने ब्रॅकेट थेट दातावर चिकटवले. आज मुलांच्या दातांवर कडी न दिसता लहान चौकोन दिसतात, ते यामुळे.

न्यूटनचा तिसरा नियम या क्षेत्रात पावलोपावली भेटतो. सुळा मागे ओढायचा तर दाढेला धरून ओढावे लागते. मग दाढही पुढे येऊ पाहते. यावर उपाय म्हणून पूर्वी मुलांना डोक्याभोवती पट्टा घालून बाहेरून आधार घ्यावा लागे. १९९७ साली जपानच्या रियुझो कनोमी यांनी १.२ मिलिमीटर व्यासाचा आणि ६ मिलिमीटर लांबीचा छोटा स्क्रू थेट जबड्याच्या हाडात बसवून त्याचा आधार घेण्याची पद्धत वर्णन केली. हे स्क्रू सगळेच टिकतात असे नाही. साधारण सात-आठांतून एक सैल होतो. तरीही अनेक अवघड रुग्णांत शस्त्रक्रियेवाचून किंवा डोक्याच्या पट्ट्यावाचून काम होऊ लागले आहे.

वीस वर्षांनंतर

या साऱ्या प्रगतीनंतरही एक प्रश्न उरतोच. उपचार टिकतात का? सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड रीडेल, रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांना वर्षानुवर्षे परत बोलावून त्यांच्या दातांचे ठसे जमवले. खालच्या पुढच्या सहा दातांचा वाकडेपणा मिलिमीटरमध्ये मोजण्याची एक सोपी रीत लिटल यांनी १९७५ साली दिली होती. तिने मोजून १९८१ साली उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. दात धरून ठेवणारे साधन बंद केल्याला दहा वर्षे झाली होती. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले रुग्ण तीस टक्क्यांहून कमी होते. १९८८ साली अशाच ३१ रुग्णांचे वीस वर्षांनंतरचे निकाल आले. तेव्हा हे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवर आले होते.

हा निष्कर्ष प्रसिद्ध करायला धैर्य लागते. पण त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कधीही उपचार न झालेल्या लोकांचेही खालचे दात वयानुसार थोडे गर्दी करतात. म्हणजे हा दोष केवळ तारेचा नव्हे, वाढत्या वयाचाही आहे. आणि दुसरे म्हणजे, दात सरळ करणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे. हिरडीतील ताणलेले तंतू नव्या जागी स्थिरावायला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. म्हणून आज तार काढल्यावर रात्री घालायचे साधन किंवा दातांमागे चिकटवलेली बारीक तार दीर्घकाळ, बहुतेकदा अनिश्चित काळ वापरायला सांगतात.

लवकर उपचारांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तरही अशाच तपासणीतून मिळाले. नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि ब्रिटन येथे १९९० च्या सुमारास व त्यानंतर चाचण्या सुरू झाल्या. वरचे दात पुढे आलेल्या मुलांचे सोडतीने दोन गट केले. एका गटाला लहान वयातच उपचार, दुसऱ्याला थेट किशोरवयात. शेवटी दोन्ही गटांची दंतरचना आणि जबड्यांची ठेवण जवळजवळ सारखीच निघाली. २०१३ साली या व अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात लवकर उपचाराचा एक फायदा ठळक दिसला. अशा मुलांच्या पुढच्या दातांना पडून-झडून इजा होण्याचे प्रमाण कमी होते. दात फार पुढे असलेले मूल मैदानावर सारखे पडत असेल, तर लवकर उपचाराला अर्थ आहे. केवळ निकाल अधिक चांगला लागेल म्हणून घाई करण्याला मात्र पुरावा मिळालेला नाही.

शिक्षकांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आणखी एक अभ्यास वेल्समधील कार्डिफचा आहे. १९८१ साली तेथे ११-१२ वर्षांच्या १,०१८ मुलांची पाहणी केली होती. वीस वर्षांनी त्यांतील ३३७ जणांना पुन्हा तपासले. ज्यांना गरज होती आणि ज्यांनी उपचार घेतले, त्यांचे दात अधिक सरळ होते आणि दातांविषयी त्यांचे समाधानही अधिक होते. पण मोठेपणीचा आत्मविश्वास आणि मानसिक आरोग्य यांवर उपचार घेतला की नाही, याचा फारसा परिणाम दिसला नाही. वाकड्या दातांवरून चिडवले जाणे मुलांना लागते, यात शंका नाही. पण त्या मुलाचा आत्मविश्वास तारेवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही, असा याचा अर्थ होतो.

नवी साधने, जुनी कसोटी

कॅलिफोर्नियात १९९७ साली स्थापन झालेल्या एका कंपनीने तारेऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांची मालिका बाजारात आणली. संगणकावर दातांची प्रतिकृती करायची, तिला टप्प्याटप्प्याने सरळ करायचे आणि प्रत्येक टप्प्याचा एक साचा बनवायचा. कल्पनेचे मूळ जुने आहे. दात थोडे सरकवणारा रबरी साचा केसलिंग यांनी १९४५ सालीच वर्णन केला होता. हे साचे काढता येतात, दात घासणे सोपे जाते, तोंडात टोचत नाही. मात्र संगणकाने ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्षातील हालचाल यांची तुलना केली, तेव्हा २००९ च्या एका अभ्यासात सरासरी ४१ टक्के आणि २०२० च्या अभ्यासात सुमारे ५० टक्के हालचाल साधलेली आढळली. सौम्य दोषांत साचे चांगले काम करतात. अवघड हालचालींत चौकोनी तार अजून पुढे आहे.

'निम्म्या वेळात उपचार' अशा जाहिरातींनाही हीच कसोटी लावावी. रोज काही मिनिटे दातांना कंप देणारे एक साधन मध्यंतरी गाजले. २०१५ साली ब्रिटनमध्ये ८१ तरुण रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने दात अधिक वेगाने सरळ होत नाहीत, असे दिसले. विशिष्ट झाकणाच्या ब्रॅकेटने वेळ वाचतो, हा दावाही चाचण्यांत टिकला नाही. संपूर्ण उपचाराला आजही सरासरी वीस महिन्यांच्या आसपास वेळ लागतो. तारेने होणारा त्रास कमी झाला, नेमकेपणा वाढला, वैद्याकडच्या फेऱ्या कमी झाल्या, हे सारे खरे लाभ आहेत. पण हाडाच्या पेशींचा वेग मात्र सँडस्टेट यांच्या कुत्र्यांच्या काळी होता तोच आहे.

तेव्हा पालकांनी विचारले तर आपण त्यांना काय सांगावे? उपचार सुरू करण्यापूर्वी वैद्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. यात साधायचे काय आहे? दात काढायचे असल्यास कोणत्या मोजमापांवरून? आणि तार निघाल्यावर दात कसे व किती काळ धरून ठेवायचे? तार लावलेल्या मुलाने चिक्की, ऊस आणि कडक पेरू दाताने तोडू नये. ब्रॅकेटभोवती अन्न साचून दातांवर पांढरे डाग पडतात, म्हणून डबा खाल्ल्यावर निदान चूळ भरावी आणि घरी नीट दात घासावेत. डब्याच्या वेळी साधन कागदात गुंडाळून बाकावर ठेवले, तर ते कचऱ्यात जाते. त्यासाठी छोटी डबी दप्तरात असावी. आणि विज्ञानाच्या तासाला हाडांचा धडा आला, की वाळूतली पेन्सिल काढावी. तार लावलेले एखादे मूल वर्गात असेलच. हाड ही जिवंत, सतत मोडत-घडत असणारी ऊती आहे, याचा पुरावा त्याच्या तोंडात दर महिन्याला एक मिलिमीटर या वेगाने तयार होत असतो.